‘नव्हतं’ तेवढं काढ

आमच्या फर्निचरच्या कारखान्यात चहा करणाऱ्या बाईला सगळे ट्रिंगमावशी म्हणायचे. खरं नाव हजेरीवर असणार, पण ते कुणी उच्चारल्याचं मला आठवत नाही. माझं पॉलिशचं टेबल तिच्या ओट्याला लागूनच होतं, मध्ये फक्त प्लायवूडचा एक आडोसा. त्यामुळे तिचं निम्मं बोलणं आपसूक माझ्या कानावर पडायचं, आणि उरलेलं ती स्वतःच येऊन सांगायची. पुढे जे घडलं त्यातलं थोडं मी पाहिलं, थोडं ऐकलं आणि बाकीचं तिच्याच तोंडून मला कळलं.

मशीनवर फोन न्यायचा नाही, हा आमच्याकडचा जुना नियम. आत शिरताना प्रत्येकाने आपला फोन मावशीच्या ओट्यावरच्या लाकडी पेटीत ठेवायचा. वाजला की मावशीने बघायचं आणि ज्याचा असेल त्याला हाक मारायची. पंचाईत एवढीच होती की बहुतेकांचे फोन एकाच जातीचे आणि सगळे एकाच सुरात वाजणारे. एक वाजला की मावशी चहा सोडून पेटी उपसत बसायची, आणि हाताला लागेपर्यंत तो गप्प व्हायचा. पडद्यावर नाव बघावं तर लिहिलेलं असायचं ‘घर’. आता घर काय, प्रत्येकालाच असतं.

असंच एकदा एकाच्या घरचा तातडीचा फोन चुकला, वर दूधही उतू गेलं. त्या दिवशी मावशीने मुलीकडून आपल्या फोनवर आवाज कापायचं एक ॲप उतरवून घेतलं आणि शिकायलाच बसली. पुढच्या काही आठवड्यांत तिने एकेकाला गाठून त्याची स्वतःची रिंगटोन करून दिली. नक्षी कोरणाऱ्या कारागिराला त्याच्याच पटाशीवरचे हातोडीचे ठोके. एकाला त्याच्या तान्ह्या मुलीचं रडणं. रखवालदाराला त्याचं स्वतःचं घोरणं, जे आपलं आहे हे तो अजून कबूल करत नाही. मला तिने माझ्या बायकोचं ‘अहो, ऐकताय ना’ लावून दिलं. त्याने नंतर कितीतरी दिवस माझ्या हातातला ब्रश पडायचा.

काम मात्र फार निगुतीचं करायची. कानात इअरफोन घालून, डोळे मिटून, तोच तुकडा पुन्हा पुन्हा ऐकायची. पडद्यावर आवाजाच्या उभ्या रेघा दिसतात. माणूस बोलतो तिथे उंच, थांबतो तिथे सपाट. त्या सपाट जागी कापायचं म्हणजे शब्द दुखावत नाही. आणि शेवट एकदम तोडायचा नाही, हळूहळू विरवायचा. ती म्हणायची, “दार लोटून घ्यावं तसा आवाज संपवायचा. आपटायचं नाही.”

नवरा गेल्यावर मावशीला आणि तिच्या मुलीला तिच्या थोरल्या बहिणीने आपल्याकडे आणलं होतं. बहिणीचे यजमान म्हणजे आमचे मिस्त्री, कारखान्याचे मुख्य कारागीर. त्यांच्या शब्दाशिवाय आमच्याकडे खिळा ठोकला जात नसे. त्यांनीच मावशीला हे काम मिळवून दिलं, घरामागची खोली राहायला दिली, आणि त्याचा उच्चार कधी चारचौघांत केला नाही. माणूस कडक, पण हलका नव्हे. मावशी त्यांच्याबद्दल बोलताना आवाज जरा खाली घ्यायची, देवघरात बोलावं तसा.

त्या वर्षी एका मोठ्या शाळेच्या बाकांची ऑर्डर आली होती. मालकांनी तारीख देऊन टाकली होती आणि आम्ही मागे पडलो होतो. मालक आमचे भले, पण घाई लागली की त्यांचा पारा चढायचा. एका संध्याकाळी ते मिस्त्रींना आपल्या खोलीत बोलावून बरंच बोलले. दार बंद होतं. नुसता आवाज येत होता, शब्द कळत नव्हते.

दुसऱ्या दिवशी दुपारी गोल करवतीवर लांब्या होता. लांब्या म्हणजे आमच्यातला सगळ्यात उंच गडी. दारातून येताना रोज वाकायचा आणि रोज हसायचा. लाकूड कापताना करवतीचा एक सूर असतो, तो दिवसभर ऐकून आपल्याला ऐकूही येत नाहीसा होतो. त्या दुपारी तो सूर मध्येच बदलला. मग कुणीतरी बटण दाबलं आणि सगळं शांत झालं. लांब्या ओरडलाही नाही. डावा हात उजव्या हातात धरून तो नुसता उभा होता, आणि खालचा भुसा लाल होत चालला होता.

करवतीच्या पात्यावर झाकण असतं, बोटं आत जाऊ नयेत म्हणून. ते त्या दिवशी जागेवर नव्हतं. हे आम्ही पाहिलं ते त्याला टेम्पोत घालून नेल्यानंतर.

टेम्पो फाटकाबाहेर गेला असेल नसेल, एवढ्यात मावशीच्या पेटीतून हसण्याचा आवाज यायला लागला. खळखळून, अगदी मोकळं हसणं. लांब्याची ती रिंगटोन होती, त्याची बायको कशावर तरी हसत असताना त्याने चोरून रेकॉर्ड केलेली. बायको फोन करत होती. जेवणाच्या सुट्टीनंतर ती रोज करायची. आम्ही सगळे पेटीकडे बघत उभे राहिलो. कुणी हात पुढे करेना. हसणं थांबलं, पुन्हा सुरू झालं. शेवटी मावशीने फोन काढून कानाला लावला आणि म्हणाली, “मी चहावाली मावशी बोलतेय. त्यांच्या हाताला लागलंय, जिवाला धोका नाही. धावतपळत येऊ नका. पण या.” फोन ठेवला आणि स्टोव्ह विझवला.

लांब्याच्या डाव्या हाताची दोन बोटं गेली.

मालक नेमके बाहेरगावी होते. आल्यावर चौकशी करतो, असा त्यांचा निरोप आला. झाकण कुणी काढलं, हा खरा प्रश्न होता. ते सकाळी, आम्ही येण्याआधीच निघालेलं असणार, आणि त्या वेळी करवतीपाशी असणारे दोघेच, मिस्त्री आणि लांब्या. मिस्त्री काही बोलत नव्हते. लांब्या दवाखान्यात. मग चहाच्या ओट्यावर ज्याला जे सुचेल ते तो बोलू लागला. लांब्याच उतावळा, त्यानेच काढलं असेल, असंही एकदोघे म्हणाले. उचलली जीभ लावली टाळ्याला.

मालक यायच्या आदल्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मिस्त्री ओट्यापाशी आले. मशीनं बंद होती. मी आडोशामागे एका खुर्चीच्या पायाला काचपेपर मारत होतो. मी आहे हे त्यांना दिसलं नसावं. दवाखान्यात जाऊन आलो, असं त्यांनी मावशीला सांगितलं. लांब्याशी बोलणं झालं, ते फोनवर रेकॉर्ड केलंय, त्याची एक रिंगटोन करून दे, पोरं जरा हसतील. हे सांगताना ते स्वतः हसत नव्हते. त्यांनी रेकॉर्डिंग तिच्या फोनवर पाठवलं आणि तिथेच उभे राहिले.

मावशीने इअरफोन घातले. माझा हात आपोआप थांबला, कारण ती ऐकताना एरवी मान हलवते, ती हलत नव्हती. बऱ्याच वेळाने तिने एका कानातला इअरफोन काढला.

“भावोजी, ह्यातलं काय घेऊ?”

“‘चूक माझी’ घे. मग ‘झाकण मी काढलं’ घे. बास.”

“पण तो ‘नव्हती’ म्हणतोय. ‘काढलं नव्हतं’ म्हणतोय.”

“‘नव्हतं’ तेवढं काढ.”

आपल्या भाषेची ही एक गंमत आहे. माणूस अख्खं वाक्य बोलून जातो आणि नकार अगदी शेपटाला ठेवतो. शेपूट छाटलं की तेच वाक्य उलट्या तोंडाने चालायला लागतं.

मग मिस्त्रींनी रिंगटोनचं सोंग सोडून दिलं. खालच्या आवाजात, घाईघाईने ते बोलत राहिले. मालकांचा स्वभाव तुला ठाऊक आहे, माझ्या आधीच्या मिस्त्रीला त्यांनी एका चुकीवर कसं घरी पाठवलं तेही ठाऊक आहे. या वयात मला दारात कोण उभं करणार? लांब्या तरणा आहे, त्याला कुठेही काम मिळेल. तुझी बहीण, तुझं लेकरू, ती खोली, हे सगळं कशाच्या जोरावर उभं आहे ते मी तुला सांगायला नको. हे त्यांनी धमकावून म्हटलं नाही. धमकावलं असतं तर बरं झालं असतं, असं मावशी मला पुढे म्हणाली. ते विनवत होते, आणि आजवर त्यांनी तिच्याकडे काहीही मागितलेलं नव्हतं.

तिने काम केलं. पडद्यावर बोट ठेवून ती खूण सरकवत होती ते मला फटीतून दिसत होतं. ‘काढलं’च्या पुढे सपाट जागा फार थोडी होती, कारण लांब्या न थांबता बोलला होता. पण हात सवयीचा. त्याने बरोबर जागा शोधली, शेवट अलगद विरवला, दोन तुकडे असे जोडले की मध्ये माणसाने नुसता श्वास घेतलाय असं वाटावं. इतकं बेमालूम काम तिने आधी कधी केलं नसेल. आणि त्याचाच तिला जास्त राग आला. निदान हातांनी तरी आपलं ऐकायला नको होतं, म्हणाली.

मिस्त्रींनी कापलेला तुकडा आपल्या फोनवर घेतला, कानाला लावून ऐकला, आणि मूळ रेकॉर्डिंग तिच्यासमोर पुसून टाकलं. तुझ्याकडचंही काढ, असं जाताना म्हणाले. ती हो म्हणाली.

पण तिने काढलं नाही.

त्या संध्याकाळी घरी गेल्यावर तिने खोलीचं दार लावून पुन्हा सगळं ऐकलं. लांब्याचा आवाज गोळ्यांच्या गुंगीतला होता, जड, पण स्पष्ट. तो म्हणत होता, “मिस्त्री, चूक माझी नव्हती. झाकण मी काढलं नव्हतं, तुम्हाला माहितीये. पण मी तुमच्यावर ढकलत नाही. तुम्हीच सांगितलंत ना, मालक आदल्या दिवशी म्हणाले, बाकं झाली नाहीत तर उद्यापासून येऊ नका. तुम्ही तरी काय करणार? तेवढं त्यांना समजावून सांगा. आणि मला परत घ्या म्हणावं. उजवा हात आहे अजून.”

मावशी उठली आणि तशीच पुढच्या घरात गेली. बहीण भाजी चिरत होती. मावशीने फोन विळीशेजारी ठेवला आणि आधी अख्खं ऐकवलं, मग कापलेलं ऐकवलं. बहिणीचा हात थांबला. ती शहाणी बाई. तिला एकदा ऐकून सगळं कळलं. तिने नवऱ्याची बाजू घेतली नाही की लांब्याला बोल लावला नाही. तिने फक्त पदराने हात पुसले आणि म्हणाली, “माझं घर आहे गं हे.”

मग थोड्या वेळाने म्हणाली, “तुझंही.”

दोघी तशाच बसल्या होत्या तेव्हा मिस्त्री आले. पाय धुतले, आत आले, आणि विळीशेजारचा फोन बघून त्यांना कळायचं ते कळलं. मावशी फोन उचलून उभी राहिली. बहिणीचं लग्न झाल्यापासून ती भावोजींसमोर मान वर करून बोललेली नव्हती. मालकांच्या आधी तुम्हीच सगळं सांगून टाका, असं तिने त्यांना सांगितलं. मग म्हणाली, “भावोजी, तो तुमच्या बाजूने बोललाय. तुम्ही तेही कापायला लावलंत.”

“मालकाची चूक मालकालाच ऐकवू? डोकं ठिकाणावर आहे का तुझं?”

त्यांनी हात पुढे केला. फोन दे, म्हणाले. मावशीने फोन पाठीमागे धरला. मला हे सांगताना तिने तसाच हात मागे नेऊन दाखवला होता. मिस्त्री एक पाऊल पुढे आले. बहीण मध्ये आली नाही, पण तिने विळी उचलून बाजूला ठेवली. काय वाटलं असेल तिला कोण जाणे. मिस्त्रींनी ते पाहिलं, आणि त्यांचा हात खाली आला. मग उद्या तोंड उघडलंस तर ह्या घराचा उंबरा तुला बंद, एवढं बोलून ते बाहेर जाऊन बसले. त्या संध्याकाळी घरात कुणी जेवलं नाही. मावशीची मुलगी तेवढी काय झालंय म्हणून विचारत राहिली, आणि तिला कुणी सांगेना.

सकाळी मावशी नेहमीसारखी आली. स्टोव्ह पेटवला, पेटी पुसली, आमचे फोन घेतले. मी विचारलं, बरं आहे ना? ती म्हणाली, साखर संपत आलीय. मी पुढे काही विचारलं नाही. आदल्या दिवशीचं मी ऐकलंय हे तिला माहीत होतं की नव्हतं, ते तिच्या चेहऱ्यावरून कळेना. आपण बोलावं की नाही, याच विचारात माझी सकाळ गेली. मी एकाच फळीला दोनदा पॉलिश लावलं.

मालक आले ते थेट जोडणीच्या मोठ्या टेबलापाशी. सगळ्यांना बोलावलं. चहा मागवला. मावशी ट्रे घेऊन आली आणि कप वाटायला लागली. मालकांनी मिस्त्रींना विचारलं. मिस्त्री म्हणाले, मी काही सांगण्यापेक्षा त्याचंच ऐका. त्यांनी फोन टेबलावर ठेवला.

“चूक माझी. झाकण मी काढलं.”

लांब्याचा आवाज. शंकेला जागाच नव्हती. शेवट कसा हळूच विरला होता, जणू बोलून माणसाने मान खाली घातली असावी. आमच्यातल्या एकाने सुस्कारा सोडला. दुसरा म्हणाला, मी म्हणत नव्हतो? मालकांनी मान हलवली. दवाखान्याचं आपण बघू, म्हणाले, पण असा निष्काळजी माणूस पुन्हा मशीनवर नको, कारखान्यातच नको. मी मिस्त्रींकडे बघितलं. ते फोन खिशात घालत होते, आणि तो खिशात जाता जात नव्हता.

मावशीने उरलेले कप ट्रेसकट टेबलावर ठेवले.

“मालक, हे अर्धंच आहे,” ती म्हणाली. “कापलंय. मीच कापलंय.”

मालकांना आधी कळलंच नाही. त्यांना वाटलं ती कपांबद्दल काहीतरी सांगतेय. मावशीने कमरेचा फोन काढला, आवाज पूर्ण वाढवला आणि रेकॉर्डिंग लावलं. ‘नव्हती’ आलं. ‘नव्हतं’ आलं. मग पुढचं सगळं आलं. मालक आदल्या दिवशी काय म्हणाले, ते मालकांसमोर, आम्हा सगळ्यांसमोर, लांब्याच्या त्या जड आवाजात टेबलावर पसरत गेलं. शेवटी तो म्हणाला, उजवा हात आहे अजून. आणि रेकॉर्डिंगच्या मागे कुठेतरी दवाखान्यातली एखादी गाडी ढकलल्याचा आवाज आला. ते मावशीने कधी कापलंच नव्हतं.

कुणी कुणाकडे बघत नव्हतं. मालकांचा चेहरा आधी लाल झाला, मग कसातरी झाला.

“हे कापायला कुणी सांगितलं?” त्यांनी विचारलं.

मला वाटलं, आता ती नाव घेणार. सगळ्यांनाच वाटलं. मावशी ट्रेकडे बघत होती.

“कापलं मी,” ती म्हणाली.

मालकांनी पुन्हा विचारलं. ती काही बोलली नाही. मी त्यांना सांगू शकलो असतो. माझे ओठ उघडलेही असतील. पण त्याआधीच मिस्त्री बोलले. त्यांचा आवाज इतका बारीक आम्ही कधी ऐकला नव्हता.

“मी सांगितलं. झाकणही मीच काढलं. रुंद फळी त्यात अडकते, वेळ जातो. तुम्ही ओरडून गेलात, म्हणून सकाळी लवकर येऊन काढलं. लांब्या नको म्हणत होता.”

मालकांनी हातातला चहा न पिता खाली ठेवला आणि आपल्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं.

आम्ही आपापल्या जागी गेलो. पण मशीन कुणी चालू केलं नाही. कुणी ठरवलं नव्हतं, कुणी पुढारी नव्हता. ज्याचा हात बटणाकडे जायचा त्याचा हात तिथेच थांबायचा. कारखाना इतका शांत होता की स्टोव्हची फरफर ऐकू येत होती. बऱ्याच वेळाने मालकांनी मिस्त्रींना आत बोलावलं. या वेळी आवाज आला नाही. मिस्त्री बाहेर आले ते थेट करवतीपाशी गेले, झाकणाचे स्क्रू काढले आणि त्यांच्या जागी आरपार बोल्ट घातले, सहजासहजी निघू नयेत असे. तेव्हा कुठे रंधा सुरू झाला, मग बाकीचं.

शिक्षा कुणाला झाली, हे सांगणं अवघड आहे. लांब्याला मालकांनी परत घेतलं, पण मशीनवर नाही, माझ्याकडे पॉलिशला. मिस्त्रींचं मिस्त्रीपण गेलं. बाहेरून नवा माणूस आला, आणि ते त्याच्या हाताखाली कारागीर म्हणून उभे राहू लागले. ते काम सोडतील असं आम्हाला वाटलं होतं. त्यांनी सोडलं नाही. आणि मावशीला कुणी काढलं नाही. फक्त काही दिवसांनी मालकांनी सांगितलं की चहा आता बाहेरून येईल, फोन प्रत्येकाने बंद करून आपल्याजवळ ठेवावा, आणि त्या जागेवर फळ्या रचायच्या आहेत. बाईला काढलं नाही, ओटा काढला.

घराचा उंबरा बंद होण्याची मावशीने वाट पाहिली नाही. त्याच आठवड्यात तिने एका शिंप्याच्या दुकानावरची खोली बघितली आणि मुलीला घेऊन तिथे गेली. बहीण दारात उभी राहून रडली, पण जाऊ नकोस म्हणाली नाही. मिस्त्री घरात नव्हते, किंवा नाहीत असं सांगितलं गेलं.

आता ती त्याच शिंप्याच्या दुकानापुढे एक टेबल मांडून बसते. फोनची कव्हरं विकते, पडद्यावर काचा लावून देते, आणि रिंगटोन करते. हल्ली तरुण मुलं फोन मुकेच ठेवतात, त्यामुळे तिच्याकडे जास्त करून म्हातारी माणसं येतात, ज्यांना नाव वाचता येत नाही. मुलाचा फोन आला तर मुलाचाच आवाज, सुनेचा आला तर सुनेचा, असं ती त्यांना करून देते. एका आजोबांनी सुनेच्या आवाजाऐवजी कुत्र्याचं भुंकणं लावून मागितलं होतं. मावशीने त्यांना हाकलून दिलं आणि दुसऱ्या दिवशी परत आले तेव्हा लावून दिलं.

लांब्या पहिल्यांदा माझ्याकडे आला तेव्हा चिंधी कशी धरायची हेच त्याला जमेना. उरलेल्या बोटांत ती घसरायची. मी ती मनगटाला बांधून दिली. तो बायकोला घेऊन मावशीकडे जाऊन आला, हे मला त्याच्या बायकोकडून कळलं. तिथे काय बोलणं झालं ते तिने सांगितलं नाही. एवढंच म्हणाली, मावशी सारखी म्हणत होती, मी आधी कापलं होतं हो, आधी कापलं होतं.

बहीण तिच्याकडे येत राहिली. आधी चोरून, मग उघडपणे. काही महिन्यांनी मावशीच्या लक्षात आलं की बहीण एकटी येत नाही. रस्त्याच्या पलीकडे सायकल धरून मिस्त्री उभे असतात, तिचं होईपर्यंत. दोनतीनदा तिने पाहिलं आणि पाहिलं नाही असं केलं. मग एका रविवारी तिने बहिणीला सांगितलं, “वर या म्हणावं. चहा टाकलाय.”

मिस्त्री वर आले. खुर्चीवर टेकले, चहा घेतला, मुलीला अभ्यासाचं विचारलं. झालेल्या गोष्टीचा विषय त्यांनी काढला नाही आणि तिनेही काढला नाही. माफी कुणी कुणाची मागायची, हा प्रश्नच त्यांच्यात कधी सुटला नसावा. निघताना त्यांनी खोलीचं दार ओढलं. ते खाली फरशीला घासलं आणि कर्र वाजलं. त्यांनी वाकून दाराच्या खालच्या कडेवरून बोट फिरवलं, ओलीने फुगलंय म्हणाले, आणि जिना उतरून गेले.

पुढच्या रविवारी ते रंधा घेऊन आले. दार बिजागऱ्यांवरून उतरवलं, जिन्याच्या तोंडाशी आडवं ठेवलं आणि खालची कड तासायला बसले. मावशी दाराचं दुसरं टोक धरून उभी राहिली.